इंटर्न पाहिजेत, पण कशासाठी?

पुण्यातल्या कुठल्याही अभियांत्रिकी महाविद्यालयाचा प्लेसमेंटचा व्हॉट्सॲप ग्रुप जुलै ते सप्टेंबरमध्ये उघडून पाहावा. कंपनीचं नाव, ‘सीजीपीए ७.५ च्या वर, नो लाइव्ह बॅकलॉग’ अशी अट, स्टायपेंडचा आकडा आणि सगळ्यात शेवटी एक त्रोटक नोंद असते. ती नोंद चारपैकी एका प्रकारची असते: ‘समर इंटर्न विथ पीपीओ’, ‘६ महिने + एफटीई’, ‘६ महिने + परफॉर्मन्स-बेस्ड एफटीई’ किंवा नुसतंच ‘इंटर्न’. मुलांची नजर स्टायपेंडवर जाते, पालकांची कंपनीच्या नावावर. पुढची दोन-तीन वर्षं कशी जाणार, हे मात्र त्या शेवटच्या नोंदीवर बरंचसं ठरतं.

पहिल्या प्रकारात तिसरं वर्ष संपल्यावर दोन महिने काम करायचं आणि ते पसंत पडलं तर शेवटच्या वर्षाचा प्लेसमेंटचा हंगाम सुरू होण्याआधीच नोकरीचं पत्र, म्हणजे पीपीओ, हातात पडतं. दुसऱ्या प्रकारात नोकरी, म्हणजे एफटीई, आधीच दिलेली असते. आठव्या सत्रातली जानेवारी ते जूनची इंटर्नशिप हा तिचा पहिला टप्पा असतो आणि काही फारच बिनसलं नाही तर जुलैत पूर्ण पगार सुरू होतो. तिसऱ्यात नोकरीची आशा दाखवलेली असते, शब्द दिलेला नसतो. चौथ्यात आशाही नसते.

या तिसऱ्या प्रकारानं जेवढी मुलं अडचणीत आणली आहेत, तेवढी कोणत्याही अवघड मुलाखतीनं आणली नसतील. बहुतेक महाविद्यालयांत ‘एक विद्यार्थी, एक ऑफर’ असा नियम असतो, म्हणजे एकदा निवड झाली की पुढच्या कंपन्यांना बसता येत नाही. आता एखाद्या मुलीची ऑक्टोबरात ‘परफॉर्मन्स-बेस्ड’ जागेसाठी निवड झाली. ती जानेवारीत रुजू झाली, सहा महिने राबली आणि जूनच्या शेवटच्या आठवड्यात एचआरनं कळवलं की या वर्षी हेडकाउंट नाही. तोवर कॅम्पसचा हंगाम संपलेला असतो, वर्गातल्या मैत्रिणी रुजू व्हायच्या तयारीत असतात आणि तिला ऑफ-कॅम्पसच्या गर्दीत पहिल्यापासून उभं राहावं लागतं. काही महाविद्यालयं अशा पत्राला पूर्ण ऑफर मानत नाहीत आणि विद्यार्थ्याला पुढच्या ड्राइव्हला बसू देतात. आपल्या महाविद्यालयात काय चालतं, हे टीपीओंना, म्हणजे प्लेसमेंट अधिकाऱ्यांना, निवड होण्याआधी विचारायचं असतं, आणि तेही लेखी. टीपीओंचीही अडचण आहे. त्यांना वर्षअखेरीस प्लेसमेंटची टक्केवारी दाखवायची असते आणि त्या टक्केवारीत ‘इंटर्न + परफॉर्मन्स’ हा नग पूर्ण धरला जातो.

कंपनी इंटर्न घेते ते कशासाठी, हा सगळ्या प्रकरणाचा गाभा आहे. इंटर्नशिपचं नोकरीत रूपांतर होण्यात विद्यार्थ्याच्या कष्टांचा वाटा नक्की असतो, पण तो दुसऱ्या क्रमांकाचा. पहिल्या क्रमांकावर असतो कंपनीचा हेतू, आणि तो इंटर्न दारातून आत येण्याआधीच ठरलेला असतो. पुढच्या वर्षीच्या जागा भरायला घेतलेला इंटर्न, अंगावर पडलेलं काम उरकायला घेतलेला इंटर्न आणि कायद्यातला कोटा भरायला घेतलेला इंटर्न, हे तिघे एकाच मजल्यावर शेजारी शेजारी बसलेले असू शकतात. तिघांनी सारखंच काम केलं तरी शेवट सारखा होत नाही.

जागा भरण्यासाठी इंटर्न घेण्याची पद्धत मुख्यतः उत्पादन कंपन्यांची आणि परदेशी कंपन्यांच्या इथल्या तंत्रज्ञान केंद्रांची. पुण्यात डॉइश बँक, बार्कलेज, मास्टरकार्ड, एनव्हिडिया अशांची मोठी केंद्रं आहेत. त्यांचा हिशेब सरळ आहे. चुकीचा माणूस कायम केला तर तो निस्तरायला वर्ष जातं, आणि तासाभराच्या चार मुलाखतींत माणूस कळत नाही. आठ-दहा आठवडे शेजारी बसवला की कळतो. म्हणून इथे इंटर्नची संख्या पुढच्या वर्षीच्या जागांवरून काढलेली असते, निवडीची परीक्षा कडक असते आणि स्टायपेंड घसघशीत असतो. काही उत्पादन कंपन्यांत तो महिन्याला लाखाच्या घरात जातो. एवढा पैसा कंपनी उगाच खर्च करत नाही. म्हणून स्टायपेंडकडे केवळ मिळकत म्हणून न पाहता कंपनीच्या इराद्याची खूण म्हणूनही पाहावं. जेपी मॉर्गनची ‘कोड फॉर गुड’ किंवा फ्लिपकार्टची ‘ग्रिड’ यांसारख्या स्पर्धाही याच साखळीतल्या. स्पर्धेतून मुलाखत, मुलाखतीतून इंटर्नशिप, तिच्यातून नोकरी असा तो रस्ता आहे, आणि कंपनीच्या कॅम्पस यादीत नसलेल्या महाविद्यालयांतल्या मुलांनाही तो बऱ्याचदा खुला असतो.

मोठ्या सेवा कंपन्यांचं गणित निराळं आहे. तिथे हजारोंनी भरती होते आणि तिचं मुख्य दार म्हणजे सामाईक परीक्षा. टीसीएसची एनक्यूटी हे त्याचं सर्वांना माहीत असलेलं उदाहरण. फ्रेशरला मिळणारं तीन-साडेतीन लाखांचं पॅकेज दहा वर्षांहून अधिक काळ जवळपास जागचं हललेलं नाही. या कंपन्यांत इंटर्नशिप बहुधा ऑफरनंतर येते, प्रशिक्षणाचा पहिला भाग म्हणून. पण ऑफर मिळाली म्हणजे नोकरी लागली, असंही नाही. इन्फोसिसनं २०२२ मध्ये ऑफर दिलेल्या सुमारे दोन हजार मुलांना रुजू व्हायची तारीखच मिळत नव्हती. पुण्यातल्या ‘नाइट्स’ या आयटी कर्मचारी संघटनेनं ते प्रकरण २०२४ मध्ये केंद्रीय कामगार मंत्रालयापर्यंत नेलं. पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये याच कंपनीच्या म्हैसूर केंद्रातून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना अंतर्गत परीक्षेत तीनदा नापास झाल्याच्या कारणावरून घरी पाठवण्यात आलं. म्हणजे इथे खरी चाळणी नोकरीच्या पत्रानंतर लागते, आणि इंटर्नशिपमध्ये चांगलं काम केल्याचा तिथे फारसा उपयोग होत नाही.

छोट्या कंपन्यांबद्दल जास्त बोललं पाहिजे, कारण लातूर, कराड, अमरावती, इचलकरंजी इथल्या महाविद्यालयांतल्या मुलांना प्रत्यक्षात उघडं असलेलं दार हेच आहे. कोल्हापूर, नाशिक, छत्रपती संभाजीनगर, नागपूर या शहरांत आणि पुण्यात बाणेर-बावधनपासून नऱ्हे-आंबेगावपर्यंत दहा ते साठ माणसांच्या शेकडो सॉफ्टवेअर कंपन्या आहेत. त्या कॅम्पसला फारशा येत नाहीत आणि त्यांच्याकडे निवडीची यंत्रणाही नसते. मालक किंवा एखादा सीनियर अर्धा तास बोलतो, एक छोटं काम देतो आणि ‘सोमवारपासून या’ म्हणतो. स्टायपेंड पाच हजार, दहा हजार. कधी पहिले दोन महिने काहीच नाही. पण तिथे इंटर्नला खेळण्यातला प्रकल्प मिळत नाही. दुसऱ्याच आठवड्यात तो गिऱ्हाइकाच्या चालू सॉफ्टवेअरला हात लावतो, आणि सहा महिन्यांनी कंपनीतल्या एखाद्या मॉड्यूलची माहिती फक्त त्यालाच असते. त्याला सोडणं कंपनीला परवडत नाही, म्हणून अशा ठिकाणी कायम होण्याची शक्यता मोठ्या कंपनीपेक्षा चांगली असते. फक्त पगाराचा आकडा ऐकून नातेवाइकांचे चेहरे पडतात. माझ्या मते पहिल्या नोकरीसाठी ही वाट जेवढी कमी लेखली जाते तेवढी ती कमी नाही. दीड-दोन वर्षं चालू सॉफ्टवेअर सांभाळलेल्या मुलाला पुढची मुलाखत फ्रेशर म्हणून द्यावी लागत नाही.

अर्थात याच गल्लीत ठकही फिरतात. ओळखायच्या खुणा ठरलेल्या आहेत. ‘ट्रेनिंग फी’, ‘लॅपटॉप डिपॉझिट’ किंवा ‘रजिस्ट्रेशन’च्या नावाखाली पैसे मागणारी कंपनी इंटर्नशिप देत नसून विकत असते. मूळ गुणपत्रिका ताब्यात ठेवू म्हणणाऱ्याला प्रती द्याव्यात, मूळ कागद नाही. आणि ‘बाँड’ म्हणजे नुसता धाक, कोर्टात टिकत नाही, असं सीनियर सांगतात ते पुरतं खरं नाही. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं एका सरकारी बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. प्रत्येक खासगी कंपनीचा बाँड त्यामुळे आपोआप पक्का होतो असं नाही, पण सही करण्याआधी रक्कम आणि मुदत वाचावी, एवढा धडा त्यातून निघतो.

प्रमाणपत्रांचा बाजार का फोफावला, याचं कारण शिक्षणव्यवस्थेत आहे. इंटर्नशिप अभ्यासक्रमाचा भाग करण्याची कल्पना आपल्याकडे नवी नाही. बिट्स पिलानीनं १९७३ मध्ये ‘प्रॅक्टिस स्कूल’ सुरू केलं. दुसऱ्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यात दोन महिने आणि शेवटच्या वर्षात साधारण साडेपाच महिने विद्यार्थी उद्योगात जाऊन काम करतात, आणि जागा शोधून देण्याची जबाबदारी संस्था उचलते. तंत्रशिक्षणाचं नियमन करणाऱ्या एआयसीटीईच्या नमुना अभ्यासक्रमानं इंटर्नशिपला क्रेडिट दिले आणि विद्यापीठांनी ते उचलले. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या २०१९ च्या अभ्यासक्रमात तिसऱ्या वर्षाला ती आली. क्रेडिट सक्तीचे झाले, पण जागा शोधून देणारी यंत्रणा बहुतेक महाविद्यालयांत उभी राहिली नाही. एकाच हंगामात लाखभर मुलांना चार-सहा आठवड्यांचं प्रमाणपत्र हवं असेल तर ते पुरवणारे तयार होणारच. लिंक्डइनवर अर्ज केल्याच्या दुसऱ्या दिवशी ‘निवड झाल्याबद्दल अभिनंदन’ असं पत्र येतं. कामं म्हणजे कॅल्क्युलेटर, टू-डू लिस्ट आणि एक लँडिंग पेज. महिन्यानं क्यूआर कोडसकट प्रमाणपत्र मिळतं, कधी शे-दोनशे रुपये भरून. गाइड सरांनाही माहीत असतं आणि विभागप्रमुखांनाही. फाइल पूर्ण होते. रेझ्युमेवर अशा तीन इंटर्नशिप रांगेनं असल्या की मुलाखत घेणारा त्या ओलांडून थेट प्रोजेक्टकडे वळतो.

मग कॅम्पसला चांगली कंपनी येत नाही आणि ओळखपाळख नाही अशा मुलानं करायचं काय? इथे मुक्त स्रोत सॉफ्टवेअरची वाट सांगितली पाहिजे, कारण तिला ना सीजीपीएची अट लागते ना महाविद्यालयाच्या नावाची. गूगल समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे आणि २०२२ पासून विद्यार्थी नसलेल्या नवख्यांनाही तिच्यात भाग घेता येतो. ती गूगलमधली नोकरी नव्हे, इंटर्नशिपही नव्हे. मुक्त स्रोत संस्थेच्या मार्गदर्शकाखाली ठरलेलं काम करायचं आणि त्याचं मानधन गूगल देतं. आउटरीची नावाचा असाच आणखी एक उपक्रम आहे. आयआयटी मुंबईचा फॉसी प्रकल्प उन्हाळी फेलोशिप आणि सत्रभराच्या इंटर्नशिप देतो, आणि निवडीसाठी त्याच्या स्क्रीनिंग टास्क पूर्ण कराव्या लागतात. त्याच संस्थेतून निघालेल्या स्पोकन ट्यूटोरियल प्रकल्पाचे धडे मराठीतही आहेत. इंग्रजीला बिचकणाऱ्या पहिल्या वर्षाच्या मुलाला लिनक्स आणि सी तिथून सुरू करता येतात.

या वाटेचा फायदा प्रमाणपत्रात नाही. अनोळखी माणसांनी लिहिलेला हजारो ओळींचा कोड वाचायचा, त्यातली एक चूक शोधायची, दुरुस्ती पाठवायची, त्यावर तीन वेळा टीका ऐकायची आणि चौथ्यांदा ती स्वीकारली जायची, हे सगळं गिटहबवर तारखेसह कायमचं राहतं. कंपनीत इंटर्नला हेच करायचं असतं. तेव्हा ज्याच्याकडे अशा चार-पाच स्वीकारलेल्या दुरुस्त्या आहेत त्याची चाचणी परक्यांनी आधीच घेतलेली असते. यात एक खोट आहे: पहिली दुरुस्ती स्वीकारली जाईपर्यंतचे महिने फार एकटे जातात आणि घरून ‘दिवसभर करतोस काय?’ असं विचारणं सुरू होतं.

पदवीनंतरचा एक जुना आणि भरवशाचा फाटा पुण्यातच आहे. सी-डॅक ही सरकारी संगणक संशोधन संस्था १९८८ मध्ये स्थापन झाली, १९९१ मध्ये तिचा परम ८००० हा महासंगणक आला. पण महाराष्ट्रातल्या घराघरांत तिचं नाव पोहोचलं ते पीजी-डॅक या पदविका अभ्यासक्रमामुळे. सी-कॅट परीक्षा द्यायची, सहा महिने सकाळपासून रात्रीपर्यंत लॅबमध्ये बसायचं आणि शेवटी सामाईक कॅम्पस मुलाखती. मेकॅनिकल, इलेक्ट्रिकल, अगदी सिव्हिलची मुलंही या दारानं आयटीत आली आहेत. फी भरावी लागते हे खरं. बीसीएस, बीसीएच्या मुलांसाठी विप्रोची नोकरीबरोबर एमटेक करण्याची योजना आहे, तर एचसीएलची टेकबी बारावीनंतर प्रशिक्षण देऊन कामावर घेते. अशा योजनांत नोकरी पहिल्या दिवसापासून दिसत असते, पण मोबदल्यात काही वर्षं बांधून घेतलेली असतात.

आता सरकारी योजना. अप्रेंटिस कायदा १९६१ चा. त्याखालच्या नियमांनुसार तीस किंवा अधिक माणसं असलेल्या आस्थापनेला मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावे लागतात. २०१९ च्या दुरुस्तीनं पदवीधर शिकाऊ उमेदवाराला महिना किमान ९,००० रुपये ठरवले, आणि नॅट्स या शिकाऊ उमेदवारांच्या योजनेत त्यातला निम्मा भार केंद्र उचलतं. अर्ज करणाऱ्यानं दोन कलमं लक्षात ठेवावीत: कलम १८ नुसार शिकाऊ उमेदवार हा ‘कामगार’ नसतो, आणि कलम २२ नुसार त्याला पुढे नोकरी द्यायची की नाही याचं धोरण मालक स्वतः ठरवतो. आयटी कंपन्यांच्या ‘ग्रॅज्युएट अप्रेंटिस’ जागांत काही खरोखर भरतीच्या असतात आणि काही त्या अडीच टक्क्यांच्या. जाहिरात वाचून फरक कळत नाही. गेल्या वर्षीच्या तुकडीतले किती जण अजून तिथे आहेत, हे लिंक्डइनवर पाहिलं की बराच अंदाज येतो.

पंतप्रधान इंटर्नशिप योजना जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पात मोठ्या गाजावाजानं आली: पाच वर्षांत आघाडीच्या ५०० कंपन्यांत एक कोटी तरुण, महिना ५,००० रुपये आणि सुरुवातीला एकरकमी ६,०००. पहिल्या फेरीत प्रत्यक्ष रुजू झालेल्यांची संख्या दहा हजारांच्याही आत राहिली. घरापासून लांबचं ठिकाण आणि पाच हजारांत परक्या शहरात राहणं, ही कारणं समजायला फार अभ्यास लागत नाही. हिंजवडीच्या आसपासच्या पीजीत कॉट बेसिसवर जागा आणि दोन वेळचा डबा एवढ्यातच पाच हजार संपतात. शिवाय पूर्णवेळ शिकत असलेल्यांना ही योजना तेव्हा खुलीच नव्हती. महाराष्ट्राच्या २०२४ च्या मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजनेत बारावी उत्तीर्णांना ६,०००, आयटीआय-पदविकाधारकांना ८,००० आणि पदवीधरांना १०,००० रुपये ठरले. सहा महिन्यांची मुदत पुढे अकरा महिन्यांवर गेली, आणि ती संपत आल्यावर ‘आम्हाला कायम करा’ म्हणून प्रशिक्षणार्थी रस्त्यावर उतरले. त्यांचा राग समजण्यासारखा आहे, पण या योजनेच्या कागदावर नोकरी कुठेच नव्हती.

समजा, जागा योग्य मिळाली आणि कंपनीला खरोखर माणसं हवी आहेत. त्या आठ आठवड्यांत किंवा सहा महिन्यांत नेमकं काय पाहिलं जातं? मुलांना वाटतं हुशारी. ती तर निवडीच्याच वेळी पाहून झालेली असते.

एक अगदी नेहमीचं काम घेऊ. ऑनलाइन व्यवहारांच्या रोजच्या अहवालात मध्यरात्रीनंतरचे व्यवहार आदल्या दिवशीच्या खात्यात दिसतात, अशी तक्रार आहे आणि ते तिकीट इंटर्नला दिलंय. दोन तास खणल्यावर त्याला कळतं की सर्व्हर वेळ यूटीसीत साठवतो आणि भारत त्याच्या साडेपाच तास पुढे आहे. म्हणजे रात्री बारा ते पहाटे साडेपाच या वेळातला प्रत्येक व्यवहार कालच्या तारखेत पडतो. इंटर्न खूश होऊन क्वेरीत साडेपाच तास मिळवतो, अहवाल बरोबर येतो आणि तो पुल रिक्वेस्ट पाठवतो. संध्याकाळी रिव्ह्यूमध्ये तीन ओळी येतात. दुबईच्या ग्राहकाला हेच साडेपाच तास लावायचे का? तारखेच्या कॉलमवरच गणित केल्यानं इंडेक्स वापरला जात नाही. कोटभर नोंदींवर ही क्वेरी किती वेळ घेईल ते पाहिलंस का? आणि टेस्ट कुठे आहे?

इथून पुढचे दोन दिवस निर्णायक. एक इंटर्न गप्प बसून तिसऱ्या दिवशी सगळं नव्यानं लिहून आणतो. दुसरा अर्ध्या तासात उत्तर देतो: दुबईचं लक्षात नव्हतं, ग्राहकाचा टाइमझोन त्याच्या खात्यातून घेतो, कॉलमला हात न लावता दिवसाची सुरुवात आणि शेवट यूटीसीत बदलून तुलना करतो, म्हणजे इंडेक्स चालेल, महिन्याच्या एक तारखेच्या पहाटे दोनचा व्यवहार मागच्या महिन्यात जाऊ नये यासाठी टेस्ट लिहितोय, आणखी कुठली सुचते का? मॅनेजर महिन्याअखेरीच्या बैठकीत दुसऱ्याचं नाव घेतो. त्याला सगळं येत होतं म्हणून नव्हे. त्याच्यावर काम सोपवल्यावर ते कुठवर आलंय हे विचारायला जावं लागत नाही, म्हणून. जगातल्या बहुतेक इंटर्न-मूल्यमापनाच्या अर्जांत ‘कम्युनिकेशन’ नावाचा रकाना असतो आणि आपली मुलं त्याचा अर्थ अस्खलित इंग्रजी असा घेऊन उगाच धास्तावतात. वरचं उत्तर मोडक्या इंग्रजीत दिलं तरी चालतं.

आणखी एक गोष्ट वेळेची. कायम करण्याचा निर्णय शेवटच्या दिवशी होत नाही. मॅनेजरला आपलं मत त्याच्या दोन-तीन आठवडे आधी द्यावं लागतं आणि जागांची मंजुरी त्याच्याही वरून येते. म्हणून निम्मा काळ संपताना थेट विचारावं: “सर, या टीममध्ये पुढच्या वर्षी जागा आहेत का? माझं काम आत्ता कुठे कमी पडतंय?” मराठी मुलांना असं विचारणं आगाऊपणाचं वाटतं. विचारलेलं मॅनेजरना आवडतं, कारण त्यांनाही वरिष्ठांपुढे नाव घेऊन जायचं असतं. ‘टीममध्ये नाही, पण शेजारच्या टीममध्ये आहेत’ हे उत्तर मध्यावर मिळालं तर त्याचा उपयोग आहे. निरोपाच्या केकच्या वेळी मिळालं तर नाही.

एमएस करायला अमेरिकेत गेलेल्या मराठी मुलांची परिस्थिती याहून कठोर आहे, कारण तिथे घड्याळ व्हिसाचं असतं. पहिल्या वर्षानंतरच्या उन्हाळ्यातली इंटर्नशिप सीपीटीवर, म्हणजे शिकतानाच काम करण्याच्या परवानगीवर, करायची. मात्र पूर्णवेळ सीपीटी बारा महिने झाली की पदवीनंतर काम करण्याची परवानगी, म्हणजे ओपीटी, हातची जाते, हा नियम माहीत नसल्यानं फटका बसलेले आहेत. ओपीटी बारा महिन्यांची. तंत्रज्ञान विषयांना २०१६ पासून आणखी चोवीस महिने. त्या तीन वर्षांत एच-१बी या कामाच्या व्हिसाच्या सोडतीत नाव लागायला हवं आणि तिच्या जागा वर्षाला ८५,०००. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या अर्जांवर एक लाख डॉलर शुल्काची घोषणा झाल्यापासून नव्या मुलांना घेताना कंपन्या आणखी विचार करू लागल्या आहेत. त्यामुळे तिथे उन्हाळी इंटर्नशिपनंतरची ‘रिटर्न ऑफर’ ही दुसऱ्या वर्षाची झोप ठरवते. मोठ्या कंपन्यांचे पुढच्या उन्हाळ्याचे अर्ज ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच उघडतात, म्हणजे मुलगा विमानातून उतरतो त्याच महिन्यात. रेझ्युमे पुण्याहून तयार करून नेलेला बरा.

कृत्रिम बुद्धिमत्तेचा विषय टाळून चालणार नाही, पण त्यावर आत्ताच ठाम बोलणारे बरेचसे काहीतरी विकायला बसलेले असतात. दिसतं ते एवढं: पूर्वी इंटर्नला दिली जाणारी साधी कामं, म्हणजे फॉर्म बनवणं, टेस्टचा सांगाडा लिहिणं, एका भाषेतून दुसऱ्या भाषेत कोड नेणं, ही आता साधनांकडून मिनिटांत होतात. त्यामुळे इंटर्नकडून रिव्ह्यूच्या त्या तीन ओळींतलं शहाणपण आधीच अपेक्षिलं जातं. ऑनलाइन परीक्षांत साधनांच्या आधारे उत्तरं देणं वाढल्यानं काही कंपन्या मुलाखतीची एखादी फेरी पुन्हा समोरासमोर घेऊ लागल्या आहेत. गावाकडच्या मुलाला त्यासाठी पुण्या-बंगळुरूच्या प्रवासाचा खर्च पडतो; समोर बसून पाटी कोरी ठेवून विचार करता येणाऱ्याला मात्र ते सोयीचं आहे.

सगळं नीट करूनही जागा नाही निघाली, तर निघताना तीन कामं करून घ्यावीत. मॅनेजरकडून लिंक्डइनवर किंवा मेलवर केलेल्या कामाचा दोन-चार ओळींचा उल्लेख. तो माणूस वर्षभरात दुसऱ्या कंपनीत गेलेला असतो आणि तिथून रेफरल देऊ शकतो. दुसरं, काय केलं याचे तपशील गोपनीय भाग वगळून त्याच आठवड्यात लिहून ठेवणं, कारण तीन महिन्यांनी आकडे आठवत नाहीत. तिसरं म्हणजे अनुभवाचं पत्र, कंपनीच्या लेटरहेडवर, सुरुवातीची आणि शेवटची तारीख, पद आणि स्टायपेंडचा उल्लेख असलेलं. इंटर्नचा बहुधा पीएफ कापला जात नाही, त्यामुळे यूएएनमध्ये या महिन्यांचा मागमूस नसतो, आणि पुढच्या कंपनीच्या पार्श्वभूमी पडताळणीत हेच पत्र, ऑफर लेटर आणि बँकेत जमा झालेला स्टायपेंड एवढाच पुरावा उरतो. स्टार्टअप असेल तर पत्र शेवटच्या दिवशीच हातात घ्यावं. वर्षभरानं एचआरचा मेल आयडी चालू असेलच असं नाही.